ट्यूमरची जनुकीय तपासणी नाशिकमधून: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

कॅन्सरच्या गाठीतली जनुके वाचून औषध ठरवण्याची तपासणी, म्हणजे ऑन्कोलॉजिस्ट (कॅन्सरतज्ज्ञ) चिठ्ठीवर 'एनजीएस पॅनेल' (एकाच वेळी अनेक जनुके वाचणारी तपासणी) असे लिहून देतात ती, आता नाशिकमध्ये बसून करून घेता येते. कंपनीचा प्रतिनिधी पॅथॉलॉजी लॅबमधून पॅराफिनचा ब्लॉक (मेणात बसवलेला गाठीचा तुकडा) उचलतो, संमतिपत्रावर सही घेतो, ब्लॉक बहुतेक वेळा मुंबई, बेंगळुरू किंवा गुरुग्रामकडे रवाना होतो आणि दोन-तीन आठवड्यांत भलीमोठी पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते. हा आढावा एखाद्या कंपनीचा नाही, या पूर्ण सेवेचा आहे. रिपोर्ट फसतो तेव्हा दोष जनुके वाचणाऱ्या सिक्वेन्सिंग यंत्राचा क्वचितच असतो. तो बायोप्सीच्या बाटलीत असतो, ब्लॉक कापण्यात असतो, शनिवारच्या कुरिअरमध्ये असतो, नाहीतर शेवटी रिपोर्ट वाचण्यात असतो. म्हणून आमचे गुण असे: यंत्राच्या कामाला पाचापैकी साडेचार, त्याआधीच्या नमुना-हाताळणीला अडीच, रिपोर्ट समजावून देण्याला तीन.

पण गुणांच्या आधी एक प्रश्न येतो. ही तपासणी आपल्या रुग्णाला मुळात लागते का?

कोणाला उपयोग, कोणाला नाही

सर्वांत जास्त पैसे वसूल होतात ते फुप्फुसाच्या पसरलेल्या ॲडिनोकार्सिनोमात (ग्रंथीपेशींपासून होणाऱ्या कॅन्सरात). भारतीय रुग्णांमध्ये साधारण चारांत एकाच्या गाठीत ईजीएफआर या जनुकात बदल सापडतो. एक्झॉन (जनुकाचा एक भाग) १९ मधले डिलीशन, म्हणजे तुकडा गळणे, आणि एक्झॉन २१ मधला एल८५८आर हा बदल, हे त्यातले नेहमीचे दोन. यांपैकी एक असेल तर उपचाराची दिशाच बदलते आणि गेफिटिनिब, एर्लोटिनिब किंवा ओसिमर्टिनिबसारखी गोळी सुरू करता येते. एएलके, आरओएस१, आरईटी आणि एनटीआरके या जनुकांची फ्यूजन (दुसऱ्या जनुकाशी जोडले जाणे), ब्राफ व्ही६००ई, एमईटी एक्झॉन १४ चे स्किपिंग (तो भाग गाळला जाणे), केआरएएस जी१२सी या प्रत्येकासाठी आज वेगळे औषध आहे. उलट ईजीएफआरमध्येच पण एक्झॉन २० मध्ये इन्सर्शन (जादा तुकडा घुसणे) सापडले, तर गेफिटिनिबसारख्या जुन्या गोळ्या बहुतेकदा चालत नाहीत. दोन्ही रुग्णांना तोंडी 'ईजीएफआर पॉझिटिव्ह' एवढेच सांगितले जाते. नातेवाइकांनी एक्झॉनचा आकडा विचारून कागदावर लिहून घ्यावा. पुढे दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यायला परळला टाटामध्ये गेलात तर पहिला प्रश्न तोच येतो.

पैशांची ओढाताण असेल तर फुप्फुसासाठी स्वस्त वाट आहे: ईजीएफआर पीसीआरने (ठरावीक डीएनए-बदल शोधणारी तपासणी), एएलके आणि आरओएस१ आयएचसीने (स्लाइडवर प्रथिने रंगवून पाहणे), सोबत पीडी-एल१ (प्रतिकारशक्तीवर चालणाऱ्या औषधांसाठी पाहिले जाणारे प्रथिन). काही हजारांत आणि आठवड्याच्या आत काम होते. यात दोन तोटे आहेत. पीसीआर किटमध्ये ठरावीक बदलच शोधले जातात, त्यामुळे एक्झॉन २० ची बरीच इन्सर्शन त्यातून निसटतात. शिवाय प्रत्येक तपासणी ब्लॉकमधले थोडे थोडे मांस खाते. चारही करून हाती काहीच लागले नाही आणि मग एनजीएस करायचे ठरले, तर तोवर ब्लॉकमध्ये उरलेले असते ते मेण.

मोठ्या आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरमध्ये केआरएएस, एनआरएएस आणि ब्राफ पाहणे आवश्यक आहे. आरएएसमध्ये, म्हणजे केआरएएस किंवा एनआरएएसमध्ये, बदल असेल तर सेटुक्सिमॅब किंवा पॅनिटुम्युमॅब (ईजीएफआर रोखणारी इंजेक्शने) देऊन काही मिळत नाही, फक्त अंगावर पुरळ आणि खिशाला भोक. एमएसआय (डीएनएच्या नकलेतल्या चुका दुरुस्त न झाल्याची खूण) समजण्यासाठी मात्र मोठे पॅनेल लागतेच असे नाही. एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ या चार प्रथिनांची आयएचसी जवळच्या चांगल्या लॅबमध्ये स्वस्तात होते. यातले एखादे प्रथिन गायब असेल तर इम्युनोथेरपीचा (प्रतिकारशक्ती जागी करणाऱ्या औषधांचा) मार्ग उघडतो. पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीच्या औषधाला अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ मध्ये याच खुणेवर मान्यता दिली, गाठ कुठल्या अवयवाची आहे हे न पाहता. तसे प्रथमच घडले.

बीजकोशाच्या कॅन्सरमध्ये बीआरसीए (डीएनए दुरुस्त करणारी जनुके) आणि एचआरडी (ती दुरुस्ती बिघडल्याची खूण) पाहिले जातात. प्लॅटिनमवाल्या केमोला प्रतिसाद मिळाल्यावर ओलापॅरिबसारखी गोळी देखभालीसाठी द्यायची की नाही, ते त्यावर ठरते. जिस्ट या पोटातल्या गाठीत केआयटी एक्झॉन ११ असेल तर इमॅटिनिबचा ४०० मिलिग्रॅमचा नेहमीचा डोस छान चालतो, एक्झॉन ९ असेल तर दुप्पट डोसचा विचार होतो आणि पीडीजीएफआरए डी८४२व्ही असेल तर इमॅटिनिब चालतच नाही. पित्तनलिकेच्या कॅन्सरमध्ये एफजीएफआर२ आणि आयडीएच१, थायरॉइडच्या मेड्युलरी प्रकारात आरईटी. इथेही तपासणीचा खर्च सार्थ होतो.

स्तनाच्या कॅन्सरमध्ये मोठा गोंधळ होतो, कारण तीन वेगळ्या तपासण्यांना लोक एकच 'जीन टेस्ट' म्हणतात. हर२ (गाठ वाढवणारे प्रथिन) आहे की नाही ते आयएचसी आणि गरज पडल्यास फिशने (जनुकाच्या प्रती मोजणारी तपासणी) ठरते, त्याची जागा एनजीएस घेत नाही. ऑन्कोटाइप डीएक्स ही २१ जनुकांची तपासणी सुरुवातीच्या टप्प्यातल्या, हार्मोन पॉझिटिव्ह आणि हर२ निगेटिव्ह गाठीसाठी असते आणि केमो टाळता येईल का एवढेच सांगते. २०१८ मध्ये आलेल्या टेलरएक्स अभ्यासात, काखेतल्या गाठींपर्यंत आजार न पोचलेल्या आणि पन्नाशी ओलांडलेल्या स्त्रियांमध्ये, ऑन्कोटाइपचे ११ ते २५ गुण असताना केमोचा जादा फायदा दिसला नाही. तिसरी तपासणी म्हणजे पसरलेल्या आजारात पीआयके३सीए आणि बीआरसीए या जनुकांचे वाचन, आणि एनजीएसची खरी जागा ही आहे. समोरचा यांतली नेमकी कुठली तपासणी विकतो आहे ते फॉर्म भरण्याआधी कळले पाहिजे.

आता आपल्याकडचा मोठा विषय, तोंडाचा कॅन्सर. गुटखा-तंबाखूने झालेल्या गाठीत मोठे पॅनेल लावले की टीपी५३ आणि सीडीकेएन२ए या जनुकांतले बदल हमखास निघतात. रिपोर्ट भरगच्च दिसतो, पण त्यावरून सुरू करावी अशी गोळी बहुतेकदा नसते. पहिल्या-दुसऱ्या टप्प्यात तर उपचार ऑपरेशनचा आहे, तिथे पॅनेल सुचवले तर कारण विचारावे. पसरलेल्या किंवा उलटलेल्या आजारात पीडी-एल१ चा सीपीएस स्कोअर (ते प्रथिन किती पेशींवर आहे त्याचा आकडा) अधिक कामाचा आणि बराच स्वस्त आहे. लाळग्रंथीचा सिक्रेटरी कार्सिनोमा हा प्रकार इथे अपवाद आहे. दुर्मीळ असला तरी त्यात एनटीआरके फ्यूजन जवळजवळ नेहमी असते आणि त्यावर औषध आहे. म्हणून तोंडातल्या गाठीचा पॅथॉलॉजी रिपोर्ट 'स्क्वॅमस' (तोंडाच्या अस्तराचा नेहमीचा कॅन्सर) म्हणतो की दुसरे काही, हे आधी वाचा.

बाटली, ब्लॉक आणि शुक्रवारचे ऑपरेशन

अडीच गुण दिले ते या टप्प्याला. यावर कोणी ब्रोशर छापत नाही, पण निकाल इथेच लागतो.

काढलेला तुकडा १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये (आम्लता स्थिर ठेवलेले, मांस टिकवणारे द्रव) पडला पाहिजे, फॉर्मॅलिन तुकड्याच्या किमान दहापट हवे, आणि तुकडा त्यात ६ तासांपेक्षा कमी किंवा ७२ तासांपेक्षा जास्त राहू नये. फॉर्मॅलिन कमी पडले किंवा वेळ कमी मिळाला तर आतले मांस पक्के होत नाही आणि डीएनए सडतो. जास्त वेळ राहिले तर डीएनएचे तुकडे पडतात आणि डीएनएमधल्या सायटोसिन ('सी') या अक्षरात रासायनिक बदल होऊन यंत्राला 'सी'च्या जागी 'टी' दिसू लागतो, म्हणजे नसलेले म्युटेशन दिसते. बफर नसलेले, महिनोन्महिने पडून असलेले फॉर्मॅलिन आम्लधर्मी होते. ते डीएनए आणखी वेगाने तोडते. छोट्या नर्सिंग होममध्ये फॉर्मॅलिन नसले की तुकडा सलाइनमध्ये टाकून पाठवला जातो. त्यापेक्षा ऑपरेशनआधी पॅथॉलॉजी लॅबमधून भरलेली बाटली मागवून ठेवावी. त्यासाठी लॅब सहसा वेगळे पैसेही घेत नाहीत.

फॉर्मॅलिन मांसात तासाला साधारण एक मिलिमीटर शिरते. काढलेला पूर्ण स्तन किंवा आतड्याचा भाग न कापता डब्यात बुडवून ठेवला, तर बाहेरचा थर पक्का होतो आणि मधली गाठ तशीच राहते. असा नमुना लॅबमध्ये पोचताच त्याचे काप पाडावे लागतात. आता नेहमीचे गणित पाहा. ऑपरेशन शुक्रवारी संध्याकाळी, शनिवारी लॅब अर्धा दिवस, रविवार बंद, सोमवारी सण. मंगळवारी सकाळी कोणी डबा उघडेपर्यंत ७२ तास उलटून गेलेले असतात. कळवण, मालेगाव किंवा येवल्याहून नमुना नातेवाइकाच्या पिशवीतून नाशिकला येतो तेव्हाही असेच होते. बाटलीवर नावासोबत फॉर्मॅलिनमध्ये टाकल्याची तारीख आणि वेळ लिहिलेली असेल, तर निदान पॅथॉलॉजिस्टला हिशेब लागतो. पेन पुसले जाते, पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी टिकते.

सुईने बायोप्सी घेताना १८ गेजच्या सुईचे चार ते सहा तुकडे मिळाले तर छान. रेडिओलॉजिस्टला आधीच सांगावे की जनुकीय तपासणी करायची आहे, आणि पॅथॉलॉजिस्टला सांगावे की तुकडे दोन वेगळ्या कॅसेटमध्ये (ब्लॉक बनवण्याच्या छोट्या डब्यांत) ठेवा. एक ब्लॉक निदानाला, दुसरा राखीव. या एका वाक्याने दुसरी बायोप्सी टळू शकते. एकच ब्लॉक असेल तर आयएचसीसाठी कापतानाच पाच मायक्रॉनच्या दहा-पंधरा कोऱ्या स्लाइड काढून ठेवायला सांगावे. ब्लॉक मायक्रोटोमवर (पातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) पुन्हापुन्हा चढवला की दर वेळी पृष्ठभाग सपाट करण्यातच थोडे मांस वाया जाते. छातीत पाणी झाले असेल तर काढलेले पाणी ओतून देऊ नये. त्याचा सेल ब्लॉक (पाण्यातल्या पेशींचा मेणातला ब्लॉक) बनतो आणि फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये कित्येकदा सुईच्या तुकड्यापेक्षा त्यातच जास्त पेशी मिळतात.

हाडात पसरलेल्या आजाराची बायोप्सी हा सापळा आहे. हाड मऊ करण्यासाठी ते आम्लात ठेवतात, आणि आम्लात डीएनए उरत नाही. ईडीटीएमध्ये (कॅल्शियम हळूहळू काढणाऱ्या रसायनात) ठेवले तर डीएनए वाचतो, पण काही तासांऐवजी काही दिवस लागतात. म्हणून यकृत, लसिका ग्रंथी किंवा त्वचेवरची गाठ अशी दुसरी जागा उपलब्ध असेल तर तिथला तुकडा घ्यावा. हाडाशिवाय पर्याय नसेल तर मागणीपत्रावर 'ईडीटीए डिकॅल्सिफिकेशन' असे स्पष्ट लिहून घ्यावे.

ब्लॉकमध्ये कॅन्सरच्या पेशी किती, हा पुढचा प्रश्न. बहुतेक प्रयोगशाळा किमान २० टक्के मागतात. गणित सोपे आहे: नमुन्यात ४० टक्के पेशी कॅन्सरच्या असतील आणि बदल जनुकाच्या दोनपैकी एका प्रतीत असेल, तर रिपोर्टात तो सुमारे २० टक्के वाचनांत दिसेल. कॅन्सरच्या पेशी १० टक्केच असतील तर आकडा ५ टक्क्यांवर येतो, आणि ऊतीच्या तपासणीत त्याखालचे वाचन भरवशाचे राहत नाही. अनुभवी पॅथॉलॉजिस्ट स्लाइडवर गाठीचा भाग पेनने गोल करून देतो, मग तेवढाच भाग खरवडून घेतला जातो. ऑपरेशनच्या नमुन्याचे दहा-पंधरा ब्लॉक असतात. त्यातला ए१ कडेचा, ए४ गाठीचा, बी२ ग्रंथीचा, हे पॅथॉलॉजी रिपोर्टच्या शेवटी लिहिलेले असते. प्रतिनिधी घाईत पहिलाच ब्लॉक उचलतो आणि तपासणी होते ती निरोगी कडेची. 'काहीही सापडले नाही' असा रिपोर्ट आला की आधी ब्लॉकचा क्रमांक जुळवून पाहावा.

एप्रिल-मेमध्ये नाशिकचा पारा चाळिशी ओलांडतो. पॅराफिन साधारण ५५ ते ६० अंशांना वितळते आणि उन्हात उभ्या गाडीच्या डॅशबोर्डवर ते मऊ पडायला वेळ लागत नाही. ब्लॉक प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत, कापसात गुंडाळून, सावलीत न्यावा. बर्फात मात्र नको.

रक्तावरची तपासणी आणि कुरिअर

गाठीचा तुकडा मिळणे अवघड असेल, किंवा गोळी सुरू असताना आजार वाढला असेल, तर लिक्विड बायोप्सी हा चांगला पर्याय आहे. गाठीतून रक्तात सुटलेले डीएनएचे तुकडे त्यात वाचले जातात. यासाठी खास नळ्या येतात, बहुधा स्ट्रेक या कंपनीच्या. १० मिलिलिटरच्या दोन नळ्या पूर्ण भराव्यात, आठ-दहा वेळा हलक्या हाताने उलटसुलट कराव्यात, जोरात हलवू नयेत. या नळ्यांत रक्त सात दिवसांपर्यंत खोलीच्या तापमानाला टिकते. त्या फ्रिजमध्ये ठेवायच्या नसतात, आणि ३७ अंशांच्या वर जाऊ द्यायच्या नसतात. पहिली चूक रक्त घेणारा करतो, कारण रक्त म्हटले की हात आपोआप आइस पॅककडे जातो. दुसरी चूक मे महिन्यातली कुरिअरची गाडी करते. दोन्हींत पांढऱ्या पेशी फुटतात, त्यांचा डीएनए मिसळतो आणि गाठीचा डीएनए त्यात बुडून जातो. म्हणून थर्मोकोलच्या पेटीत, थंड न केलेल्या जेल पॅकसह पाठवणे बरे. साध्या ईडीटीए नळीत रक्त घेतले तर काही तासांतच प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) वेगळा करावा लागतो. नाशिकहून दुसऱ्या राज्यात पाठवताना ते जमणारे नाही.

रक्त सोमवार ते बुधवार सकाळी द्यावे. शनिवारी दिलेले रक्त रविवारी कुठल्यातरी गोदामात पडून राहते. दिवाळीच्या आठवड्यात तर नकोच.

लिक्विड बायोप्सीत बदल सापडला तर त्यावर विश्वास ठेवून पुढे जाता येते. नाही सापडला, तर 'नाही' असा त्याचा अर्थ होत नाही. गाठ रक्तात पुरेसा डीएनए सोडत नसेल तरी असाच रिपोर्ट येतो, विशेषतः आजार फक्त मेंदूत किंवा फुप्फुसापुरता असेल तेव्हा. त्या वेळी ऊतीची तपासणी करावीच लागते. उलटा धोकाही आहे. वयस्क माणसांच्या रक्तपेशींतच डीएनएमटी३ए, टीईटी२, कधी टीपी५३ किंवा एटीएममधले बदल साठलेले असतात. त्यांचा गाठीशी संबंध नसतो. त्यामुळे सत्तरीतल्या रुग्णाच्या रक्तात एटीएम दिसला म्हणून लगेच औषध सुरू करायला सांगणारा रिपोर्ट जपून वाचावा.

प्रयोगशाळा निवडताना

जनुकांच्या संख्येवर जाऊ नका. ५० जनुकांच्या नीट निवडलेल्या पॅनेलमध्ये आरएनएचीही (जनुकाच्या पेशीतल्या नकलेचीही) तपासणी असेल, तर फुप्फुसासाठी ते फक्त डीएनए पाहणाऱ्या ५०० जनुकांच्या पॅनेलपेक्षा सरस ठरते. फ्यूजन आणि एमईटी स्किपिंग डीएनएवर कित्येकदा सुटून जातात, आरएनएवर पकडले जातात. 'आरएनए समाविष्ट आहे का' हा प्रश्न प्रतिनिधीला विचारावा. उत्तर 'हो सर, सगळं आहे' असे आले तर नमुना रिपोर्ट मागून त्यात आरएनएचे पान शोधावे.

प्रयोगशाळेला आयएसओ १५१८९ नुसार एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या भारतीय संस्थेची) मान्यता आहे का, आणि मान्यतेच्या व्याप्तीत हीच तपासणी आहे का, हे एनएबीएलच्या संकेतस्थळावर पाहता येते. लेटरहेडवरचा शिक्का साध्या बायोकेमिस्ट्रीसाठीही असू शकतो. सीएपीची (अमेरिकी पॅथॉलॉजिस्टांच्या संस्थेची) मान्यता असेल तर उत्तम. नमुना अपुरा पडला तर पैसे परत की दुसऱ्या नमुन्यावर मोफत फेरतपासणी, हे लेखी घ्यावे. 'चौदा दिवसांत रिपोर्ट' यातले चौदा दिवस ब्लॉक उचलल्यापासून नव्हे, तर प्रयोगशाळेने नमुना पात्र ठरवल्यापासून मोजले जातात. मध्ये तीन-चार दिवस सहज जातात.

नाशिककरांच्या घराजवळची गोष्ट म्हणजे दातार कॅन्सर जेनेटिक्स ही प्रयोगशाळा अंबडच्या औद्योगिक वसाहतीतच आहे. प्रवासाचे अंतर कमी हा रक्ताच्या नमुन्यासाठी खरा फायदा आहे. त्यांच्या ट्रूचेक रक्ततपासणीचा बोलबाला शहरात असतो, म्हणून एक फरक लक्षात ठेवावा. ती रक्तातल्या कॅन्सरपेशी शोधण्यासाठी आहे, औषध निवडण्याच्या पॅनेलचे काम वेगळे. आणि एफडीएचा 'ब्रेकथ्रू' दर्जा म्हणजे लवकर परीक्षणाची सोय, मंजुरी नव्हे. हे कुठल्याही कंपनीच्या जाहिरातीला लागू आहे.

रिपोर्ट कसा वाचायचा

पहिल्या पानावरचे रंगीत कोष्टक नंतर पाहा. आधी शेवटची पाने उघडा: कॅन्सरपेशींचे प्रमाण, सरासरी वाचनखोली (प्रत्येक जागा किती वेळा वाचली), गुणवत्तेत नापास झालेली जनुके. ऊतीच्या तपासणीत सरासरी काहीशे वाचने हवीत, रक्तात काही हजार. ईजीएफआरच्या एखाद्या भागाचे वाचनच झाले नसेल आणि पहिल्या पानावर 'ईजीएफआर निगेटिव्ह' असेल, तर तो निगेटिव्ह नाही.

मग बदलांची श्रेणी पाहा. २०१७ च्या अमेरिकी मार्गदर्शनानुसार बदल चार श्रेणींत टाकतात. पहिल्या श्रेणीत मान्यताप्राप्त औषध किंवा भक्कम पुरावा असतो, दुसरीत शक्यता, तिसरीत अर्थ न लागलेले बदल, चौथीत निरुपद्रवी. उपचार बदलण्याचा निर्णय बहुतेक पहिल्या श्रेणीवर होतो. तिसऱ्या श्रेणीच्या लांबलचक यादीने घाबरू नये, आणि त्यावर औषध सुचवणाऱ्यावर भाळूही नये. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्समधल्या शिवा चाचणीत गाठीतल्या बदलानुसार मान्यतेबाहेरची औषधे दिली, तेव्हा डॉक्टरांनी निवडलेल्या नेहमीच्या उपचारापेक्षा आजार जास्त काळ थांबला नाही. 'म्युटेशन आहे, औषध आहे, मग देऊन बघू' हा हिशेब एवढा सरळ नाही.

ब्राफ व्ही६००ई हे याचे चांगले उदाहरण. त्वचेच्या मेलॅनोमामध्ये एकट्या ब्राफ-रोधक गोळीनेही गाठी विरघळतात. तोच बदल मोठ्या आतड्यात असेल तर एकटी गोळी फारशी चालत नाही, कारण ब्राफ बंद होताच पेशी ईजीएफआरच्या मार्गाने पुन्हा चालू होते. तिथे एन्कोराफेनिबसोबत सेटुक्सिमॅब लागते. म्हणजे जनुकाचे नाव तेच असले तरी अवयव बदलला की उपचार बदलतो. संगणकाने जुळवलेल्या औषधांच्या यादीत हा फरक कधी ठळक असतो, कधी तळटीपेत.

इम्युनोथेरपीबाबत एक सूचना. फुप्फुसाच्या आजारात रिपोर्टची वाट पाहण्याइतका वेळ नसेल तर डॉक्टर केमोचे एक चक्र देऊन टाकतात, त्यात हरकत नाही. पण ईजीएफआरचा निकाल येण्याआधी इम्युनोथेरपी सुरू करण्याची घाई नको. आधी ती आणि पाठोपाठ ओसिमर्टिनिब या क्रमात फुप्फुसाला गंभीर सूज येण्याचा धोका वाढतो.

रिपोर्ट किचकट असेल तर मॉलिक्युलर ट्यूमर बोर्डाचे मत मागावे. त्यात ऑन्कोलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि जनुकतज्ज्ञ एकत्र बसून मत देतात. काही प्रयोगशाळा अशी चर्चा ऑनलाइन घडवून आणतात. पॅनेलच्या किमतीत ती धरलेली आहे का, ते पैसे भरण्याआधी विचारायचे.

पैसे

एका जनुकाची तपासणी काही हजारांत होते, मोठ्या पॅनेलचे बिल त्याच्या कित्येक पटींनी येते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ऑपरेशन, केमो आणि रेडिएशनची पॅकेजे आहेत. तपासणी त्यात बसते का, हे रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला ब्लॉक पाठवण्याआधी विचारावे, नंतर नाही. खाजगी विम्यात तपासणीचा खर्च बहुधा भरतीशी जोडावा लागतो, म्हणजे भरतीआधीच्या ३० किंवा ६० दिवसांत आणि त्याच आजारासाठी. त्यासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर तारीख आणि कारण हवे. ईजीएफआर, एएलके, बीआरसीए यांसारख्या काही तपासण्या औषध कंपन्यांच्या मदतीने मोफत किंवा सवलतीत होतात. ऑन्कोलॉजिस्टच्या सहायकाला नेमके ठाऊक असते. त्या फॉर्ममध्ये माहिती कोणाला दिली जाईल ते वाचूनच सही करावी.

तपासणीआधीच औषधाचाही हिशेब मांडावा. गेफिटिनिबची देशी जेनेरिक आवाक्यात आहेत. ओसिमर्टिनिब महाग आहे, जरी जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात त्याच्यासह तीन कॅन्सर-औषधांवरचे सीमाशुल्क माफ झाले. रिपोर्टात सुचवलेले औषध भारतात विकलेच जात नसेल, तर स्वतःसाठी आयात करायला फॉर्म १२ए भरून परवाना घ्यावा लागतो. खर्च मात्र सगळा आपला.

रिपोर्टनंतर

गाठीत बीआरसीए१ किंवा बीआरसीए२ चा बदल ५० टक्क्यांच्या आसपास दिसला, तर तो जन्मजात असण्याची शंका घ्यावी लागते. गाठीच्या तपासणीवरून ते पक्के होत नाही. रक्त किंवा लाळेची वेगळी जर्मलाइन (जन्मजात बदल शोधणारी) तपासणी लागते. तीही पॉझिटिव्ह आली तर रुग्णाची सख्खी भावंडे आणि मुले-मुली यांच्यात तोच बदल असण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असते. बदल बापाकडून लेकीला येतो, तसाच मुलालाही जातो. त्यामुळे 'घरात बायकांना नाही ना कोणाला' एवढे विचारून थांबू नये. जनुकीय समुपदेशन आधी आणि नातेवाइकांची तपासणी नंतर, हा क्रम पाळणारी सेवा चांगली समजावी. पॉझिटिव्ह रिपोर्ट फॅमिलीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारे महाभाग असतात, तेवढे टाळावे.

गोळी सुरू झाल्यावर वर्ष-दोन वर्षांनी आजार पुन्हा वाढला तर जुन्या रिपोर्टवर विसंबू नये. गेफिटिनिब घेणाऱ्यांपैकी साधारण निम्म्यांच्या गाठीत टी७९०एम हा नवा बदल तयार होतो आणि त्यावर ओसिमर्टिनिब चालते. तो जुन्या ब्लॉकमध्ये सापडणार नाही. इथे आधी लिक्विड बायोप्सी, ती रिकामी आली तर नव्याने बायोप्सी, हा क्रम परवडतो. कधी गाठ स्मॉल सेल या वेगळ्याच कॅन्सर-प्रकारात बदललेली असते. ते रक्तात दिसत नाही, मायक्रोस्कोपखालीच दिसते.

आणि ब्लॉक परत मागवा. तो पॅथॉलॉजी लॅबच्या नोंदीतला असतो. प्रयोगशाळेकडून तो आपोआप परत येतोच असे नाही. पाठवतानाच पावतीवर ब्लॉकचा क्रमांक, पाठवल्याची तारीख आणि 'तपासणीनंतर परत' असे लिहून घ्यावे. महिनाभराने पॅथॉलॉजीत फोन करून तो जमा झाला का ते विचारावे. दुसरे मत घ्यायला मुंबईला जाताना पॅथॉलॉजी रिपोर्ट आणि पीडीएफसोबत तिथे तोच ब्लॉक मागतात.